जुळलं की नुसतं चिकटलं? सेल्फ-हीलिंग प्रेशर सेन्सरची पहिली चाचणी

प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या प्रत्येकाचा पहिला व्हिडिओ साधारण सारखाच असतो. ब्लेडने कापलेली जेलची पट्टी, दोन तुकडे एकमेकांना टेकवलेले, मिनिटभराची शांतता, मग चिमट्यांनी ताणायचं आणि पट्टी तुटली नाही म्हणून आनंद. तेवढ्यात मागून कोणीतरी विचारतं, "चिकटली की जुळली?" मीही एकदा त्या प्रश्नापुढे गप्प उभा राहिलो आहे. चिकटपट्टीसुद्धा चिकटते, म्हणून तिची जखम भरली असं कोणी म्हणत नाही. त्या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत कसं द्यायचं, ते इथे क्रमाने सांगतो. वाचक एम.एस्सी. किंवा इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टला पहिल्यांदाच बसला आहे, असं गृहीत धरलं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. रोबोच्या बोटावर, कृत्रिम हातावर किंवा मनगटावर बसवायचा दाबाचा सेन्सर मऊ आणि ताणला जाणारा हवा. मऊ वस्तू कापली जाते, फाटते, म्हणून ती आपणहून जुळली तर बरं. यालाच सेल्फ-हीलिंग म्हणतात. २००१ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या गटाने प्लास्टिकमध्ये दुरुस्तीच्या रसायनाच्या सूक्ष्म कुप्या पेरल्या. तडा गेला की कुपी फुटते आणि रसायन तडा भरतं. पण कुपी एकदा फुटली की संपली, त्याच जागी दुसऱ्यांदा काही नाही. २००८ मध्ये पॅरिसच्या लुडविक लाइबलर यांच्या गटाने हायड्रोजन बंधांवर बांधलेलं रबर दाखवलं. ते कापून पुन्हा टेकवलं की खोलीच्या तापमानालाच जुळायचं, आणि पुन्हा पुन्हा. २०१२ मध्ये स्टॅनफर्डच्या झेनान बाओ यांच्या गटाने अशाच पॉलिमरमध्ये निकेलचे कण घालून दाब आणि वाक ओळखणारी त्वचा केली.

कुप्यांनंतरच्या या पदार्थांची युक्ती एकच: त्यांच्यातले बंध सुटतात आणि परत लागतात. इथेच मेख आहे. जे बंध सुटून परत लागतात म्हणून जखम भरते, तेच बंध सुटतात म्हणून पदार्थ दाबाखाली हळूहळू वाहतो. म्हणजे जुळण्याचा गुण आणि सेन्सर शून्यावर परत न येण्याचा दोष सख्खे भाऊ आहेत. एकाची चाचणी करून दुसऱ्याबद्दल गप्प बसणारा अहवाल अर्धाच असतो.

पदार्थ कोणता घ्यायचा

पहिल्या वेळी महागडं काही मागवू नका. मुलं गोंद आणि बोरॅक्सच्या पाण्याचा स्लाइम करतात ना, त्याचाच नीट मोजूनमापून केलेला भाऊ घ्या: पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल)-बोरॅक्स जेल. बोरॅक्स म्हणजे आपला टाकणखार, सोनार डाग देताना वापरतात तो. कॅरमची पावडर म्हणून पूर्वी सर्रास मिळायचं ते बोरिक ॲसिड. ते वेगळं, दोन्हींत गल्लत करू नका.

१० ग्रॅम पीव्हीए ९० मिली गार पाण्यात भुरभुरवा. गरम पाण्यात एकदम टाकलंत तर पिठल्यात होतात तशा गुठळ्या होतात आणि त्या दिवसभर विरघळत नाहीत. भुरभुरवून झालं की वॉटर बाथवर ९० अंशांपर्यंत नेऊन दीड-दोन तास ढवळा. द्रावण स्वच्छ दिसलं की झाकून रात्रभर ठेवा, फेस वर येऊन बसतो. दुसऱ्या भांड्यात ४ ग्रॅम बोरॅक्स १०० मिली कोमट पाण्यात विरघळवा. मग चार भाग पीव्हीए द्रावणात एक भाग बोरॅक्सचं पाणी. हे घालताक्षणी गोळा होतो आणि तो एकसारखा नसतो. हातमोजे घालून कणकेसारखा मळा आणि हवाबंद डब्यात एक दिवस ठेवा. बुडबुडे राहिलेच तर बंद डबा ५०-६० अंशांवर तासभर ठेवावा. उष्णतेने बंध सैल होतात आणि बुडबुडे वर निघून जातात. ही भांडी परत स्वयंपाकघरात न्यायची नाहीत, आणि बोरॅक्स पोटात जाऊ द्यायचा नाही.

वीज वाहावी म्हणून मीठ घालायची गरज नाही, बोरॅक्समधले सोडियमचे आयन ते काम करतात. जेल वाळू नये म्हणून ग्लिसरीन घालायचा मोह होईल. घाला, पण थोडं. ग्लिसरीन स्वतःच बोरॅक्समधल्या बोरेटला धरून बसतं, त्यामुळे पीव्हीएच्या साखळ्यांमधले बोरेटचे दुवे कमी होतात आणि जेल पातळ पडतं.

सोबत एक न जुळणारा पदार्थही हवा. कुठलंही पक्कं झालेलं सिलिकॉन रबर चालेल. त्याचं काम पुढे कळेल.

पट्ट्या आणि पकड

रबराच्या चाचणीसाठी डंबेलच्या आकाराचे नमुने प्रमाणित आहेत. जेलला तो आकार देता येतो, पण साच्याबाहेर काढला की तासाभरात तो आकार विसरतो. म्हणून पट्टी साच्यातच ठेवा आणि ओढायच्या मिनिटभर आधी बाहेर काढा. पट्टी धरणारे यंत्राचे जबडे ही दुसरी डोकेदुखी. सैल धरलं तर निसटतं, घट्ट धरलं तर पिचतं आणि तिथेच तुटतं. साच्यात भरतानाच दोन्ही टोकांना सुती कापडाच्या चिंध्या जेलमध्ये रुतवा आणि जबड्यात फक्त कापड धरा. जेल कापडाच्या विणीत शिरतं आणि सुटत नाही.

आता यंत्र. कॉलेजात असलेल्या यूटीएमला (नमुने ओढून तपासायचं मोठं यंत्र) बहुधा काही किलोन्यूटनचा लोडसेल, म्हणजे बल मोजणारा भाग, असतो, सळई ओढायला बरा. आपला हिशोब करून बघा. पट्टी ५ मिमी रुंद, ३ मिमी जाड, आणि ताण १० किलोपास्कल धरला तर बल येतं ०.१५ न्यूटन. म्हणजे जेमतेम १५ ग्रॅम. मोठ्या यंत्राला हा आकडा म्हणजे नुसता गोंगाट. १०० ग्रॅमचा लोडसेल, त्याचं वाचन आकड्यांत आणणारा एचएक्स७११ बोर्ड, आर्डुइनो आणि स्टेपर मोटरवर सरकणारी फळी एवढ्यात काम होतं. मी जुन्या थ्रीडी प्रिंटरचा उभा अक्ष वापरला होता आणि तो तिथल्या मोठ्या यंत्रापेक्षा भरवशाचा निघाला.

पट्टी किती टक्के ताणली गेली हे मोटर किती सरकली यावरून ठरवू नका. पट्टीच्या मधल्या भागावर पेनाने दोन ठिपके द्या, शेजारी मोजपट्टी ठेवा आणि मोबाइलने चित्रण करा. ठिपक्यांमधलं अंतर खरं बोलतं.

ओढण्याचा वेग एकदा ठरवला की बदलायचा नाही. हे जेल हळू ओढलं तर एकतारी पाकासारखी तार धरतं, झटक्यात ओढलं तर खडूसारखं तुटतं. दोन्ही वेळा पदार्थ तोच. शिवाय फार सावकाश ओढलंत तर ओढता ओढताच बंध नव्याने लागत राहतात आणि जखम भरायला तुम्हीच वेळ देता. २० मिमी मोकळी लांबी आणि मिनिटाला १०० मिमी वेग हा सुरुवातीला ठीक आहे.

कापणे, जोडणे, थांबणे

प्रत्येक पट्टीला नवं ब्लेड. बोथट ब्लेड कापत नाही, दाबून फाडतं, मग कडा जुळत नाहीत. आरपार कापा. नुसती खाच दिली तर खालचा न कापलेला भाग सगळं श्रेय घेऊन जातो. कापल्यापासून जोडेपर्यंतचे सेकंद मोजा, कारण उघड्या कडा वाळून साय धरतात. काही पदार्थांत याहून मूलभूत कारण असतं: सुटे झालेले बंध समोरच्या तुकड्याची वाट बघत बसत नाहीत, शेजारीच जोडीदार शोधतात. पॅरिसच्या रबरातही कापलेले तुकडे जितका वेळ वेगळे राहतील तितकं जुळणं कमी होत जायचं. म्हणून 'लगेच जोडलं' असं मोघम लिहू नका, '३० सेकंदांत जोडलं' असं लिहा.

जोडताना बोटाने दाबू नका. बोटाचा दाब रोज वेगळा असतो. तुकडे परत साच्यात ठेवा, बाजूने ठरावीक वजनाचा ठोकळा टेकवा, वर क्लिंग फिल्म लावा. थांबण्याच्या वेळा: ०, १, ५, १५, ६० मिनिटं. प्रत्येक वेळेला निदान पाच पट्ट्या.

सगळ्यात जास्त गाळली जाते ती तुलना. तुम्हाला चार गट हवेत. पहिला, न कापलेल्या पट्ट्या, पण जोडलेल्या पट्ट्यांइतकाच वेळ त्याच डब्यात थांबलेल्या. दुसरा, कापून, जोडून, थांबून ओढलेल्या. तिसरा, कापून, टेकवून, त्याच क्षणी ओढलेल्या. यातून निव्वळ चिकटपणा कळतो. चौथा, सिलिकॉनच्या पट्ट्या, तशाच कापून, तशाच टेकवून ठेवलेल्या. चौथ्या गटात थोडंफार बल दिसेल, कारण मऊ गुळगुळीत पृष्ठभाग एकमेकांना धरतातच. पण ते थांबण्याच्या वेळेनुसार फारसं वाढत नाही. खऱ्या जुळण्याची खूण म्हणजे वेळेबरोबर चढत जाणारा आलेख. व्हिडिओतल्या विद्यार्थ्याला मागून आलेल्या प्रश्नाचं उत्तर या तिसऱ्या आणि चौथ्या गटात आहे.

पहिल्या गटातले 'इतकाच वेळ थांबलेल्या' हे शब्द मी ठोकर खाऊन शिकलो. माझ्या एका पट्टीची जुळणी ११२ टक्के आली होती. मूळ पदार्थापेक्षा जखम भरलेला पदार्थ मजबूत! दोन दिवस मी हवेत होतो. मग कोणीतरी पट्ट्या वजन करायला लावल्या, तर जोडलेल्या पट्ट्यांतलं पाणी उडून त्या वाळून कडक झालेल्या. तेव्हापासून प्रत्येक पट्टीचं वजन कापण्याआधी आणि ओढण्याआधी सोनाराच्या छोट्या काट्यावर घेतो. दोन टक्क्यांहून जास्त घट झाली की ती पट्टी बाद.

याच कारणाने नागपूरच्या मे महिन्यात घेतलेले आकडे आणि रत्नागिरीच्या जुलैत घेतलेले आकडे शेजारी ठेवण्यात अर्थ नाही. पाण्याच्या जेलसाठी ओल्या कापसाचा बंद डबा ठेवा. पाणी नसलेल्या पॉलिमरसाठी डब्यात मिठाचा ओला लगदा ठेवला की हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिर राहते. यंत्रही नको आणि वीजही नको.

एक रंगीत सापळाही सांगून ठेवतो. एक तुकडा लाल, एक निळा, आणि मधे जांभळी रेघ झाली की 'साखळ्या एकमेकांत गेल्या' असं लिहिलेलं दिसतं. खाण्याच्या रंगाचे रेणू इवलेसे असतात, ते पाण्यातून कुठेही पोचतात. जांभळी रेघ रंगाबद्दल सांगते, पॉलिमरच्या साखळ्यांबद्दल नाही. जुळणी बोरेटच्या बंधांमुळेच होते का, हे बघायचं तर कापलेल्या कडांना व्हिनेगरचा थेंब लावा आणि मग जोडा. आम्लात हे बंध टिकत नाहीत. कडा पातळ होतात आणि जोड धरत नाही.

टक्के कशाचे?

जुळणीची कार्यक्षमता म्हणजे जोडलेल्या पट्टीचा आकडा भागिले मूळ पट्टीचा आकडा गुणिले १००. पण कुठला आकडा? समजा मूळ पट्टी ८०० टक्के ताणून तुटली, जोडलेली ६०० टक्क्यांना. जुळणी ७५ टक्के. तुटतानाचा ताण १२ किलोपास्कलवरून ११ वर आला. जुळणी ९२ टक्के. आलेखाखालचं क्षेत्रफळ, म्हणजे तुटेपर्यंत शोषलेली ऊर्जा, ६० वरून ३८ किलोज्यूल प्रति घनमीटरवर आली. जुळणी ६३ टक्के. एकाच पट्टीचे तीन निकाल, आणि मथळ्यात ९२ छापायचा मोह कोणालाही होतो. तिन्ही लिहा. एकच लिहायची वेळ आली तर ऊर्जेचा लिहा, कारण त्यात बल आणि लांबी दोन्ही येतात. पट्टी जोडावरच तुटली की दुसरीकडे, हेही नोंदवा.

वीज परत आली का

इथे साधा मल्टिमीटर दगा देतो. तो एकाच दिशेने प्रवाह सोडतो, जेलमधले आयन इलेक्ट्रोडपाशी गोळा होतात आणि आकडा सरकत राहतो. वाचन थांबत नाही म्हणून नवखी मंडळी जेलला दोष देतात. उलटसुलट प्रवाहाने मोजणारा एलसीआर मीटर घ्या, १ किलोहर्ट्झला मोजा, व्होल्टेज लहान ठेवा. एलईडी लावून 'कापला, विझला, जोडला, पेटला' हे प्रदर्शनाला छान आहे. मोजमाप म्हणून त्याची किंमत शून्य, कारण एलईडी पेटायला कडांचा एखादा कोपरा टेकला तरी पुरतो.

त्यामुळेच वीज आधी परत येते आणि ताकद मागून. बाओ यांच्या निकेलवाल्या पदार्थात वाहकता १५ सेकंदांत सुमारे ९० टक्के परत यायची, ताकदीला मात्र दहाएक मिनिटं लागायची. दोन्ही घड्याळं वेगळी ठेवा आणि अहवालातही वेगळी दाखवा.

मोजणी बरोबर चालली आहे का हे तपासायला एक सोपी कसोटी आहे. जेलचं आकारमान ताणताना बदलत नाही असं धरलं तर लांबी दुप्पट झाल्यावर जाडी-रुंदीचा छेद निम्मा होतो आणि रोध चौपट होतो. तिप्पट लांबीला नऊपट. तुमचा आलेख याच्या आसपास नसेल तर आधी वायर आणि जोडणी बघा, नवा शोध लागल्याची घोषणा नंतर.

आता दाब

सेन्सरची सोपी रचना अशी: मधे १ मिमी सिलिकॉनचा पत्रा, वर-खाली १ सेंमी चौरस जेलचे इलेक्ट्रोड, भोवती सिलिकॉनची चौकट आणि वर पातळ सिलिकॉनचं झाकण. दाबलं की मधला थर पातळ होतो आणि धारिता (कपॅसिटन्स) वाढते. सिलिकॉनचा परावैद्युतांक (डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट) ३ धरला तर धारिता येते २.७ पिकोफॅरडच्या घरात. तुमच्या मोकळ्या वायरींची धारिता याहून जास्त असू शकते. म्हणून शील्ड असलेल्या आखूड वायरी वापरा, त्या टेबलाला चिकटवून टाका आणि सेन्सर न जोडता वाचन घेऊन ते वजा करा. मग सेन्सरला हात न लावता तळहात जवळ न्या. आकडा हलला तर तुमचा सेन्सर दाब नाही, तुम्हाला मोजतो आहे. वजनंही धातूची थेट ठेवू नका, खाली १ सेंमी चौरस प्लास्टिकचा ठोकळा ठेवा.

त्या ठोकळ्यावर १० ग्रॅम म्हणजे जवळपास १ किलोपास्कल, १०० ग्रॅम म्हणजे जवळपास १०. हलका स्पर्श १० किलोपास्कलच्या आत येतो, वस्तू उचलणं-धरणं १० ते १०० मध्ये. रिकामा सेन्सर दहा मिनिटं बघा, मग १, २, ५, १०, २० किलोपास्कल, प्रत्येकी मिनिटभर, आणि त्याच पायऱ्यांनी खाली. चढताना आणि उतरताना आलेख एकमेकांवर बसणार नाहीत. पहिली फेरी नेहमीच वेगळी येते, रबरासारखे पदार्थ पहिल्या ताणाने मऊ पडतात. याला मुलिन्स परिणाम म्हणतात. पाच-दहा फेऱ्या करून सेन्सर रुळवा, मग आकडे घ्या.

संवेदनशीलता म्हणजे धारितेतला सापेक्ष बदल भागिले दाबातला बदल. सुरुवातीचा चढ सगळ्यात तीव्र असतो आणि लोक तेवढाच छापतात. कुठल्या दाबापासून कुठल्या दाबापर्यंतचा हे लिहा. सपाट सिलिकॉनमध्ये ती फार कमी येईल, निराश होऊ नका. रबराला बाजूला फुगायला जागा लागते, दोन थरांत अडकलेलं रबर दबतच नाही. २०१० मध्ये बाओ यांच्याच गटाने थरावर सूक्ष्म पिरॅमिड उमटवले ते यासाठी. मात्र वाहणाऱ्या, जुळणाऱ्या पदार्थाचे पिरॅमिड केले तर ते कालांतराने बसून जातात. इथे पुन्हा तेच दोन भाऊ भेटतात.

यानंतर सेन्सर कापा. सिलिकॉन जुळत नाही, फक्त जेल जुळतं, तेव्हा याला 'सेल्फ-हीलिंग सेन्सर' म्हणू नका, 'जुळणाऱ्या इलेक्ट्रोडचा सेन्सर' म्हणा. आणि धोका असा की चिरेतून वरचं जेल खालच्या जेलला भेटतं. तसं झालं की कपॅसिटरचा रोधक होतो. एलसीआर मीटरवर फेज अँगल बघा: उणे ९० अंशांजवळ असेल तर ठीक, शून्याकडे सरकला तर आत शॉर्ट झालं आहे. थर नेमके आपापल्या थराशी जुळावेत ही या क्षेत्रातली अवघड गाठ आहे. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने एकमेकांत न मिसळणारे पण सारख्याच बंधांचे दोन पॉलिमर आलटून पालटून थरांत लावून ती सोडवून दाखवली. ७० अंशांवर ते थर आपणहून सरळ रेषेत येऊन जुळले.

जुळल्यावर दाबाची सगळी फेरी पुन्हा करा, पण शून्य नव्याने लावू नका. जुन्या शून्यापासूनचं सरकणंच तर बघायचं आहे.

शेवटची चाचणी रात्री लावायची. सेन्सरवर १० किलोपास्कलचं वजन ठेवा, मीटर संगणकाला जोडा, घरी जा. माझा पहिला सेन्सर चौकटीविना केलेला होता. संध्याकाळी दाखवण्यासाठी कापून, जोडून, सगळ्यांकडून शाबासकी घेऊन मी तो असाच ठेवला होता. सकाळी वजन काचेवर टेकलेलं होतं, आणि जेल त्याच्या चारी बाजूंनी तव्यावर सांडलेल्या धिरड्याच्या पिठासारखं पसरलेलं. काप कुठे दिला होता ते मात्र शोधूनही सापडलं नाही.